पोटावरच्या तीन पट्ट्या

अपेंडिक्स दुर्बिणीतून काढू, असं पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा आमच्या गावाला, पासलीला, एवढंच पोचलं की पोरीचं पोट फाडणार. भातलावणीचे दिवस होते. आमच्याकडे लावणी सावडीने होते. आज सगळे तुमच्या खाचरात, उद्या तुम्ही त्यांच्या. पण माझं ऑपरेशन म्हणून भावकीने स्वतःची खाचरं मागे ठेवून आमचं आधी लावून दिलं.

आणि मी चारच दिवसांत एसटीतून उतरून चालत घरी आले.

बायका बघायला जमल्या. "दाव की गं," चुलती म्हणाली. मी कमीज जरा वर केली. बेंबीपाशी एक आणि खाली दोन लहान पट्ट्या.

"येवढंच?"

"माज्या बाळंतपणात शिजर केलं तवा हितनं हितवर फाडलंवतं."

"कॉलेजवाल्यांचं आपरेशनबी नाजूक, बाई!"

सगळ्या हसल्या. आईसुद्धा हसली, पण खाली बघून.

डॉक्टरांनी मला नीट सांगितलं होतं. पोटात गॅस भरतात, त्यामुळे काही दिवस खांदा दुखेल. भोकं लहान असली तरी आतलं भरायला वेळ लागतो. चालायचं, पण वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही. घरात हे समजलेली मी एकटीच. पण चिखलाने कुजलेली त्या बायकांच्या पायांची बोटं समोर दिसत होती, आणि बोलायला माझं तोंड उघडेना. पोटाच्या ऑपरेशनने खांदा दुखतो, हे कुणाला खरं वाटलं असतं?

पुढच्या आठवड्यात चुलतीच्या खाचरात लावणी निघाली. सावड फेडायला आई एकटीच निघालेली बघून मला घरात बसवेना. मी मागोमाग गेले, चिखलात उतरले, रोपांची मूठ घेऊन वाकले. थोडंसं लावलं असेल, तोच आतून अशी कळ आली की सरळच होता येईना. तशीच गुडघ्यावर बसले.

चुलतीने काखेत हात घालून मला बांधावर आणलं.

"दुकतंय तर सांगाया काय झालंतं? येवडी शिकलीस ना?"

"काकी, डॉक्टरांनी वाकू नको म्हटलं होतं."

"मग आलीस कशाला मरायला?"

ती परत खाचरात उतरली. माझी जागा भरायला दोन्हीकडच्या बायका थोड्या सरकल्या आणि हात चालू लागले. आईने एकदा माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.