उद्या घरीच राहा

तपासणीला साहेब येणार असले की वाचनात कच्च्या असलेल्या मुलांना आम्ही आदल्या दिवशी सांगायचो, "उद्या घरीच राहा." म्हणजे वर्ग हुशार दिसायचा. सगळ्याच शिक्षिका सांगायच्या, मीही सांगायचे.

तिसरीतली एक मुलगी त्या कच्च्यांतलीच. आई वाशीच्या मार्केटात कांदे निवडायची. वर्षभर मधल्या सुट्टीत शेजारी बसवून मी तिला शिकवलं, तेव्हा कुठे ती न अडखळता चार ओळी वाचू लागली होती. तरी त्या वर्षी तपासणीच्या आदल्या दिवशी सवयीने मी घरी राहणाऱ्यांत तिचंही नाव घेतलं.

दोन दिवसांनी तिची आई भेटली. "बाई, साहेबांपुढं वाचायचं म्हणून आठ दिवस मला धडा वाचून दाखवत होती. तुमीच नको म्हणलात व्हय?"



नंतर कितीदा तरी मी तिला वर्गापुढे उभं केलं. हळू आवाजात ती वाचायचीही. पण दारात कुणी अनोळखी माणूस आला, की ती पुस्तक मिटायची आणि कुणी न सांगता दप्तर भरायला लागायची.