हिरवी पावडर

मेलेल्या माणसाचा राग धरू नये म्हणतात. सर अजून जिवंत आहेत, हिंडते-फिरते आहेत, त्यामुळे माझी काही अडचण नाही. मी त्यांचा राग धरते, रोज धरते, आणि पांढरकवड्याच्या बसस्टँडवर ते दिसले की मुद्दाम समोर जाऊन "जय भीम, सर" म्हणते. ते मान हलवतात आणि रस्ता ओलांडतात. एवढं सुख कुणी फुकट देत असेल तर मी का सोडावं?

माझे बाबा जिनिंगमध्ये फिटर होते. कापसाच्या हंगामात यंत्र अडलं की मालक आधी बाबांना बोलावणं धाडायचा आणि मग देवाला हात जोडायचा. आमच्या घरात देव नव्हताच. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा देव्हारा नदीत सोडला, आणि त्यानंतर आमच्या उंबऱ्याच्या आत ना अंगारा आला ना गंडादोरा. मला लहानपणी कावीळ झाली होती, तेव्हा शेजारीण कावीळ उतरवणाऱ्या एका बुवाला घेऊन आली. बाबांनी त्याला अंगणातूनच वाटेला लावलं आणि मला सायकलच्या दांडीवर बसवून दवाखान्यात नेलं. "मीटर खोटं नाई बोलत, मानूस बोलते," हे त्यांचं आवडतं वाक्य होतं.

त्यांच्या स्वतःच्या दुखण्याची सुरुवातही काविळीनंच झाली. डोळे पिवळे आणि अंगभर खाज. नागपूरला नेलं, तर स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. आत नळी टाकून कावीळ उतरवली, पण डॉक्टरांनी आईला आणि मला समोर बसवून सरळ सांगितलं की गाठ पसरली आहे, ऑपरेशन होणार नाही. केमो घेतली तर काही महिने वाढतील, बरं मात्र होणार नाही. बाबांनी केमोला नाही म्हटलं. त्यांचं अंग, त्यांचा निर्णय, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मग डॉक्टरांनी दुखण्याच्या गोळ्या दिल्या आणि एक कॅप्सूल दिली. जेवण पचवणारा रस आता बाबांच्या पोटात पुरेसा तयार होत नव्हता, तो या कॅप्सूलमधून जाणार होता. प्रत्येक जेवणात पहिल्या घासाबरोबर घ्यायची. हिच्याशिवाय खाल्लं तर खाल्लेलं अंगी लागणार नाही, हे त्यांनी आम्हाला बजावून सांगितलं.

हायवेवर, घराला लागूनच, माझी खानावळ आहे. हैदराबादकडे जाणारे ट्रकवाले माझ्याकडे जेवतात आणि परतीच्या फेरीतही थांबतात. डॉक्टरांचं ऐकलं तेव्हाच मी ठरवलं की हे काम आपलं. मरण माझ्याच्यानं अडणार नव्हतं, पण ते येईपर्यंत बाबांचं पोट भरलेलं ठेवणं मला जमण्यासारखं होतं. त्यांनी जेवून, ढेकर देऊन जावं, एवढंच मला हवं होतं.

तेवढंच सरांनी हिरावून घेतलं.

सर आमच्याच समाजातले. हायस्कुलात विज्ञान शिकवायचे आणि रिटायर झाल्यावर आरोग्य सल्लागार झाले. असे सल्लागार आता पायलीचे पन्नास मिळतात, पण सर विहारात बोलायला उभे राहिले की बाया पोरांना गप्प करून ऐकायच्या. बाबांचं कळल्याबरोबर ते घरी आले. जडीबुटीची पिशवी घेऊन आले असते तर त्या बुवाच्याच वाटेनं गेले असते. पण सर टाय लावून आले, लॅपटॉप घेऊन आले. त्यांनी एक धातूची कांडी बाबांच्या मुठीत दिली आणि तिची वायर लॅपटॉपला जोडली. पडद्यावर लाल, पिवळे, हिरवे खांब वरखाली व्हायला लागले. बाबा खुर्चीत पुढे सरकले आणि जिनिंगच्या पॅनेलकडे बघायचे तसे बघायला लागले. ज्यानं जन्मभर अंगाऱ्याची चिमूट घरात येऊ दिली नाही, तो माणूस ती कांडी घट्ट धरून बसला, कारण तिला वायर होती.

पडद्यावर स्वादुपिंडासमोर 'थोडी कमजोरी' असं आलं. नागपूरच्या मशीनला पसरलेली गाठ दिसली होती आणि सरांच्या मशीनला थोडी कमजोरी दिसली. मला हसावं की रडावं कळेना.

सर म्हणाले, "शरीर आपली दुरुस्ती आपनच करते. आपन फक्त आडवं नाई यायचं. त्या कॅप्सूलनं पोट आळशी होते, ते बंद करा. गाठ कायच्यावर जगते? आपल्या खान्यावर. तिले उपाशी मारा. मीठ, तेल, मटन, भाकर, सारं बंद. हे हिरवं पावडर कोमट पान्यात घ्या, अन् हे हळदीचे थेंब."

मी म्हटलं, "पन डॉक्टरनं तर खा म्हनून सांगतलं."

"डॉक्टरनं ऑपरेशन केलं काय? नाई ना? हात वर केले त्यानं."

बाबांनी मान हलवली. मग मी म्हटलं, "सर, मलेही पाहा बरं." सरांनी कांडी माझ्या हातात दिली. थोड्या वेळानं पडद्यावर माझा निकाल आला: प्रोस्टेटला सूज. प्रोस्टेट असतं पुरुषांना, आणि मी दोन लेकरांची आई. मी हसले, पदर तोंडाला लावून आईही हसली, सरांनी घाईघाईनं लॅपटॉप मिटला. बाबा मात्र माझ्यावरच चिडले.

"मशीन बराबर हाय. ऑपरेटर चुकला. मानसाचं बटन दाबलेलं राह्यलं त्याच्याकून," ते म्हणाले. माझ्या बाबांनी आयुष्यात कधी मशीनला दोष दिला नाही.

कॅप्सूल बंद झाली. खर्चाचं मी काढत नाही, पैसा काय, आज जातो उद्या येतो. बाबा दिवसभरात शेवाळाच्या रंगाचं पाणी पीत, उकडलेला भोपळा खात आणि खानावळीतून फोडणीचा वास आला की भिंतीकडे तोंड करत. तो भोपळासुद्धा अंगी लागत नव्हता. शौचाला तेलकट, पांढरट व्हायचं, पाण्यावर तरंगायचं, कितीही पाणी टाकलं तरी जायचं नाही. आई घाबरली. सरांना फोन केला तर ते खूश झाले. "विष बाहेर पडून राह्यलं. चांगलं लक्षन हाय," म्हणाले.

मी भांडले. ताटात भाकर आणि शेजारी कॅप्सूल ठेवून त्यांच्यापुढे नेली. त्यांनी ताट बोटांनी सरकवलं. "मी अडानी नाई, समजून-उमजून करून राह्यलो," म्हणाले. अंगारा लावणाऱ्याशी वाद घालता येतो. विज्ञानाचं नाव घेऊन उपाशी राहणाऱ्या बापाशी कसा घालायचा, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. त्यांची पँट आधी पट्ट्यानं राहायची, नंतर सुतळीनं राहायला लागली. गालाची हाडं वर आली. गाठ मजेत होती, उपाशी फक्त बाबा होते.

एक दिवस ते मोरीत चक्कर येऊन पडले. यवतमाळला दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्याहून लहान दिसत होत्या. त्यांनी बाबांचं पोट दाबून पाहिलं, शौचाचं विचारलं आणि म्हणाल्या, "पचनाची कॅप्सूल चालू आहे ना?" आईनं मान खाली घातली आणि विष बाहेर पडण्याची सगळी गोष्ट त्यांना सांगितली. बाईंनी चष्मा काढला.

"आजी, ते विष नव्हतं," त्या म्हणाल्या. "ते त्यांचं जेवण होतं. न पचता तसंच बाहेर जात होतं."

बाबांनी ते ऐकलं. दुपारचं ताट आलं तेव्हा त्यांनी हात पुढे केला आणि कॅप्सूल मागून घेतली.

घरी आल्यावर काही दिवसांत त्यांना भूक लागायला लागली. त्यांनी अंबाडीची भाजी मागितली. मी ज्वारीच्या कण्या घालून ती शिजवली, वरून लसणाचं कडकडीत तेल ओतलं, भाकर केली. ते पाटावर बसून जेवले. भाजी पुन्हा घेतली. ताट बोटानं पुसून खाल्लं. मग भिंतीला टेकले आणि त्यांनी ढेकर दिला. पोट दुखलं नाही, धावत मोरीत जावं लागलं नाही. ते कितीतरी वेळ स्वतःच्या पोटावर हात ठेवून बसले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "एवढे दिवस मी काहून उपाशी राह्यलो व माय?"

मला रडू आलं नाही. सरांचा चेहरा डोळ्यांपुढे आला, आणि त्याच जागी, उष्टं ताट हातात धरून, मी ठरवलं की या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडूनच घ्यायचं.

बाबा जेवायला लागले हे सरांच्या कानावर गेलं. ते आले, बाबांच्या खांद्यावर हात टाकला आणि भाकर हातात असलेल्या बाबांचा मोबाईलवर फोटो काढला. संध्याकाळी तो त्यांच्या स्टेटसला लागला. खाली लिहिलं होतं, 'डॉक्टरांनी हात टेकले, निसर्गानं उभं केलं.' आयत्या बिळावर नागोबा कसा बसतो ते मी त्या दिवशी पाहिलं. आई म्हणाली, जाऊ दे. मी जाऊ दिलं नाही, जपून ठेवलं.

बाबा पुढे थोडेच दिवस जगले, पण जेवून जगले. मटणाचा रस्सा झाला, पाटवडी झाली, आलूबोंडासुद्धा झाला. दुखणं वाढलं तसं यवतमाळच्या बाईंनी औषध वाढवून दिलं. ते गेले तेव्हा सकाळचा चहा त्यांच्या पोटात होता. जे मिळालं ते मिळालं. पण प्रत्येक घासाला मला वाटायचं, हे सगळे महिने असेच जाऊ शकले असते.

मयतीनंतर मारेगावहून एक बाई खानावळीत आल्या. त्यांच्या नवऱ्याला तोच आजार होता. त्यांनी मोबाईलमध्ये बाबांचा तो भाकरीचा फोटो दाखवला. सरांनी यवतमाळच्या एका हॉलमध्ये तो पडद्यावर मोठा करून लावला होता म्हणे. "तुमच्या बाबाले आराम पडला म्हनते ना या पावडरीनं? आमच्या मालकाची कॅप्सूल बंद करा म्हनले सर," त्या म्हणाल्या. बाबांची राख अजून थंड झाली नव्हती आणि त्यांच्या फोटोवर सर गिऱ्हाईक करत होते.

मी त्यांना सांगितलं की बाबा गेले. सगळी हकीकत सांगितली. त्या ऐकत होत्या, पण पूर्ण विश्वास बसत नव्हता, मला दिसत होतं. सर कोण आणि खानावळवाली कोण. मी म्हटलं, "पुन्यानुमोदनाले या. सरही येनार हायेत. जे पाह्यचं ते तिथंच पाहा."

आमच्यात कुणी गेलं की त्याच्या नावानं पुण्यानुमोदन करतात. त्या दिवशी दारापुढे मांडव पडला. वंदना झाली, भाषणं झाली. सरांनीही माईक घेतला आणि निसर्गोपचारानं बाबांना शेवटी किती बळ दिलं ते सांगितलं. आईनं माझं मनगट धरलं. "पंगतीत तमाशा नको करू व," ती म्हणाली. मी म्हटलं, "तमाशा नाई करत, वाढाले जातो."

पंगत बसली. पोळी, आलूवांग्याची भाजी, वरणभात, बुंदी. आमच्याकडे दुःखाच्या घरी घरच्या माणसानं वाढलेलं कुणी नाकारत नाही, हात आडवा करत नाही. सरांना मी मधल्या ओळीत मानाच्या जागी बसवलं होतं आणि त्यांच्यासमोरच्या बायांच्या ओळीत मारेगावच्या बाईंना. सगळ्यांची पानं भरली. सरांच्या पानापुढे मी एकच गोष्ट ठेवली. कोमट पाण्याचा मोठा ग्लास, बाबांची उरलेली पावडर घालून, काठोकाठ हिरवा.

"हे काय?" सर म्हणाले.

"बाबाचं जेवन. तुमी जे देल्लं तेच. घ्या ना सर."

आजूबाजूच्या लोकांचे हात थांबले. सर हसायचा प्रयत्न करत होते. माझी आत्या शेजारून जात होती. बादली खाली ठेवून ती म्हणाली, "घ्या ना गुर्जी. दुखाच्या घरचं नाई म्हनू नये."

सरांनी ग्लास उचलला. ओठांपर्यंत नेला. खाली ठेवला.

"मले नाई चालत हे," ते हळूच म्हणाले. "किडनीचं हाय माझं. पालेभाजीही मना हाय. माह्या डॉक्टरनं मना केलं."

मी मोठ्यानं विचारलं, "डॉक्टरनं? कोन्त्या डॉक्टरनं सर? नाव सांगा ना. ह्या बाई मारेगावून आल्या, ह्यायच्या मालकाले दाखवाचं हाय."

सर माझ्याकडे बघत होते आणि मी हलत नव्हते. शेवटी त्यांनी नाव सांगितलं. नागपूरचा दवाखाना सांगितला, कोणत्या मजल्यावर बसतात तेही सांगितलं. मारेगावच्या बाई समोर पोळीचा घास हातात धरून बसल्या होत्या. त्यांनी ते नाव एकदा स्वतःशी पुटपुटून पाहिलं, विसरू नये म्हणून. मग मान वर करून त्यांनी सरांना विचारलं, "अन् मंग आमच्याच मानसाईले काहून उपाशी ठेवता जी?"