झेंडूच्या ढिगाजवळची खुर्ची

मखमलाबादेत बातमी होती की हर्षालीला इंग्लंडातल्या गोऱ्यांनी हाकलून दिलं. "दोन पोलीस आले म्हणे! बॅग भरायला पण टाइम दिला नाय," असं सलूनवाला रवी कात्री हवेतच वाजवत गिऱ्हाइकाला सांगायचा.

खरं एवढंच, की हर्षाली आत्याने इंग्लंडची नोकरी आपणहून सोडली. तिथल्या विद्यापीठात ती समाजशास्त्र शिकवायची. का सोडली विचारलं की चष्मा कपाळावर चढवायची आणि म्हणायची, "त्याला अनेक पदर आहेत." याचीच नक्कल करून मी गल्लीला हसवायचे.

तिचं सगळं संशोधन घर सोडून पोटामागे गेलेल्यांवर. पेठ-सुरगाण्याहून द्राक्षांच्या छाटणीला येणारी माणसं असोत की तिकडच्या गोदामांतले आफ्रिकेहून आलेले हमाल, तिचा पहिला प्रश्न एकच : "आल्यावर बसायला काय दिलं?" कुणाला पोतं, कुणाला बांध, कुणाला काहीच नाही. बसमध्ये काळ्या माणसाशेजारची सीट रिकामी असते आणि लोक खुशाल उभे राहतात, यावर तिने अख्खं पुस्तक लिहिलं. तिच्या स्वतःच्या शेजारची सीटही रिकामी राहायची. ते पुस्तकात नाही.

आणि घरी आली, तर भागुबाईने, म्हणजे माझ्या आजीने, तिला खुर्ची दिली.

आमचं घर फुलवाल्यांचं. झेंडू खुडून आणायचा, ओसरीत गोणपाटावर ओतायचा आणि ढिगाभोवती मांडी घालून सगळ्यांनी माळा ओवायच्या. पाहुण्याने फुलाला हात लावायचा नाही, हा आजीचा कायदा. पाहुण्याला खुर्ची आणि कपबशी. आत्या कपबशी मांडीवर धरून ढिगाकडे बघत राहायची. लहानपणी म्हणे तिच्याइतका भरभर हात कुणाचा चालत नव्हता.

एकदा न राहवून म्हणाली, "आई, सुई दे ना."

"राहू दे गं माय. बस वरती."

"मी काय पाहुणी आहे?"

"मग कोण? चार दिसांनी उडशील भुर्रकन." आजीचा हात थांबला. "मागल्या खेपेला गेलीस, तर तुझ्या जागेवर कितीक दिवस कुणी बसलं नाय. समोर नुसतं गोणपाट. मला नाय बघवत पुन्हा."

आत्याच्या कपातला चहा तसाच निवला.

मी मात्र तोंडाळ. म्हटलं, "आत्या, लाव पैज! दसऱ्यापर्यंत आजी तुला खाली बसू देत नाही. हरले तर महिनाभर तुझी नक्कल बंद."

"लागली," आत्या म्हणाली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी फुलबाजारात माल न्यायला क्रेट कमी पडले. बाबांची चिडचिड सुरू झाली. आत्या आत गेली, विमानाची मोठी बॅग ओढत घेऊन आली आणि कपडे पलंगावर उपडे करून ओला झेंडू दाबून दाबून तिच्यात भरू लागली. चिखल, पाकळ्या, पाणी. अस्तराचं वाटोळं.

आजी बघतच राहिली. "अगं, वाट लागली की तिची! आता जाशील कशात?"

आत्या भरतच राहिली.

"सृष्टे, सरक तिकडं," आजी माझ्यावरच ओरडली. "हिला बसायला जागा नाय का?"

आत्याची पहिली माळ वाकडी झाली. आजीने ती उसवली आणि पुन्हा तिच्याच हातात दिली. आणि मी, अख्ख्या गल्लीला हसवणारी, महिनाभर तोंड मिटून बसले.