कुंभार्ली घाटातून जित्ते मणी

स्वारगेटहून चिपळूणची एस.टी. निघाली तेव्हा माझ्या पायांशी दुधाचे दोन कॅन होते. मी जात्याच भित्री. पुण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं, एकटीने प्रवास पहिलाच, आणि कॅनमध्ये कोट्यवधी जंतू.

रोगाचे नव्हेत. समुद्री शेवाळाच्या चिकात हे जंतू कालवायचे आणि तो चीक चुन्याच्या क्षाराच्या पाण्यात थेंब थेंब सोडायचा, की साबुदाण्याएवढे मणी होतात. मण्यांत कोंडलेले जंतू फिनॉल नावाचं विष खाऊन जगतात. चिपळूणजवळच्या एका लहान कारखान्याचा सांडपाण्याचा खड्डा भरत आला होता. ते पाणी मण्यांनी भरलेल्या उंच पिंपातून फिरवून शनिवारी खाडीत सोडायचं होतं. पाणी स्वच्छ झालं की नाही, ते मी सांगायचं.

जंतूंना हवा लागते, म्हणून दर अर्ध्या तासाने झाकण काढून मी हाताने ढवळत होते. कराडच्या पुढे कंडक्टरने विचारलं, "बाई, काय आहे हो त्यात?"

जंतू म्हटलं तर खाली उतरवेल. "साबुदाणा," मी म्हणाले.

"एवढा? अख्ख्या गावाला उपास दिसतोय."

कुंभार्ली घाटात गाडी बंद पडली. भर उन्हात दोन तास. कॅनवर ओला टॉवेल टाकून मी बसून राहिले. आतले जीव गुदमरतायत असं वाटून पुन्हा पुन्हा ढवळत होते.

माझी राहायची सोय खाडीकाठी अनुसयामावशींकडे होती. ओहोटीला चिखलात उतरून तिसऱ्या (खाडीतले शिंपले) वेचायच्या आणि बाजारात विकायच्या, हा त्यांचा व्यवसाय. त्या वेचत तिथून कारखान्याची सांडपाण्याची मोरी हाकेच्या अंतरावर होती. पहिल्या संध्याकाळी भात, तिसऱ्यांचं सुकं आणि सोलकढी असं त्यांनी वाढलं. मी चवीने जेवले आणि कॅनमध्ये काय आहे ते त्यांना सांगितलं. एक कॅन मी आल्या आल्या कारखान्यातल्या पिंपात ओतला होता, दुसरा सकाळसाठी त्यांच्या गार न्हाणीत ठेवला.

सकाळी झाकण काढलं तर मणी नव्हतेच. खळीसारखा लगदा होता नुसता.

"मावशी, यात काही घातलंत का?"

"मीठ घातलं गो दोन मुठी. तूच म्हणालीस ना, जित्ते हायत म्हणून? गोड्या पाण्यात कसे जगायचे ते? आमच्या तिसऱ्या आम्ही खाऱ्या पाण्यातच ठेवतो." माझा चेहरा बघून त्या खालीच बसल्या. "माझ्या हातून मेले काय गो, बाय?"

मिठाने हे मणी विरतात. ते सांगायला मीच विसरले होते. "तुमच्या नाही, माझ्या हातून," मी म्हणाले.

आता निम्म्याच मण्यांवर सगळा भार. शनिवारी मी नळीत पाणी घेऊन औषध टाकलं. फिनॉल असेल तर पाणी लाल होतं. लालभडक झालं.

कारखान्याचे मॅनेजर म्हणाले, "खड्डा काठोकाठ आलाय, बाई. तुम्ही हो म्हणा, मी सोडतो. तुमच्या पुण्याच्या साहेबांनाही तेच हवंय."

नोकरी जाणार, असं वाटलं. तरी म्हणाले, "नाही. कारखाना तीन दिवस बंद ठेवा. पाणी हळू फिरवू."

ते तणतणत मशीन बंद करायला गेले. तीन दिवस मी पिंपापाशी स्टूल टाकून बसले. मंगळवारी नळी लाल झाली नाही. दुसरी भरली, तिसरी भरली. मग मी हो म्हणाले आणि ओहोटीबरोबर पाणी खाडीत गेलं.

गुरुवारी सकाळी निघताना मावशींनी माझा रिकामा कॅन खाडीच्या पाण्याने भरून आणला. आत तिसऱ्या. "मोरीच्या तोंडाशी काल पुष्कळ गावल्या. तिथं हल्ली मी जात नव्हते. तू हो म्हणालीस, म्हणून उतरले. रात्री पोराबाळांनी पोटभर खाल्ल्या. तुझ्या आईला दे."

परतीच्या घाटात मी पुन्हा झाकण काढून ढवळत होते. तेव्हा एक विचार डोक्यात आला, तो पुण्यापर्यंत सुटला नाही. माझी नळी एकच विष ओळखते. त्या खड्ड्यात आणखी काय काय होतं, हे मी विचारलंच नव्हतं. कॅन दरीत उपडा करावा असं दोनदा मनात आलं, पण मावशींनी हौसेने दिलेलं फेकवेना.

आईने ओलं खोबरं घालून सुकं केलं. घरभर वास सुटला. ताट पुढे ओढून तिने पहिला शिंपला उचलला आणि मी तिचा हात धरला.

"तू नको खाऊस, आई."

बोलून गेले आणि माझं मलाच ऐकू आलं. मावशींना मी असं म्हणाले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वारगेटला चिपळूणच्या रांगेत मी पुन्हा उभी होते. या खेपेला हातात कॅन नव्हता. माझा 'हो' परत घ्यायचा होता, आणि घाटातल्यापेक्षा आता जास्त भीती वाटत होती.