आबांचं गाऱ्हाणं घेऊन बेंगळूरला

आमच्याकडे कोणी लांबच्या प्रवासाला निघालं की देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं, म्हणजे मोठ्याने मागणं, घालतात. मे महिन्यात मी आणि माझी मुलगी शर्वरी बेंगळूरला निघालो, त्या सकाळीही घातलं. ते घालणारे माझे सासरे, आबा.

आबांबद्दल आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यात वाचा गेली. अगदी सगळी नाही, एक शब्द उरला, "उद्या". चहा हवा असला तर "उद्या", नको असला तरी "उद्या". पंखा लावा, बंद करा, दार ओढा, सगळ्याला तेच. आता आम्ही त्यांच्या हातावरून आणि डोळ्यांवरून ओळखतो. पण याच आबांनी जन्मभर देवळात गावासाठी गाऱ्हाणं घातलं आहे, आणि अजूनही देवापुढे नारळ हातात दिला की त्यांचं तोंड सुटतं. एक शब्द इकडचा तिकडे होत नाही.

"बा देवा म्हाराजा! बारा गावच्या, बारा येशीच्या म्हाराजा! आज ह्या लेकरांनी तुज्या पायाकडे नारळ ठेवलेलो आसा, तो मान्य करून घे रे म्हाराजा!"

आम्ही सगळे म्हणतो, "व्हय म्हाराजा!"

त्यापुढे कोणासाठी, कशासाठी, ते सांगायचं असतं. ते दरवेळी वेगळं. तिथे आबा थांबतात. नारळ हातात तसाच, तोंड अर्धं उघडं, नजर आमच्याकडे. मग आमचे हे मधलं बोलतात. त्या दिवशी म्हणाले, "शर्वरी बेंगलोराक मुलाखतीक जाता. तिचा काम होवंदे." ते झालं की आबा पुढचं उचलतात, आडमेळा म्हणजे अडथळे दूर कर, घरी हाड म्हणजे आण, जणू मधे कोणी थांबलंच नव्हतं. "वाटेर काय आडमेळा आसात तो दूर कर, आणि जशी गेली तशी सुखरूप घराक हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा" मीही म्हटलं, पण तोंडातल्या तोंडात. खरं सांगते, तिचं काम व्हावं असं मला वाटत नव्हतं.

शर्वरी जीवशास्त्र घेऊन बीएस्सी झाली मालवणात. नंतर तिने मानसशास्त्र आणि मेंदूचं शास्त्र यांच्या पुढच्या शिक्षणासाठी ठिकठिकाणी अर्ज केले. ज्या आयांच्या मुली या वाटेने जाणार असतील त्यांच्यासाठी सांगते. मानसशास्त्रवाले म्हणतात, आधी तोच विषय घेऊन पदवी हवी. मेंदूवाले म्हणतात, जीवशास्त्र चालेल, पण गणित किती झालंय? आमची मधेच अडकली. दर अर्जाची फी वेगळी, म्हणून सगळीकडे अर्ज टाकत बसू नका, पात्रता वाचून टाका. दोन शिक्षकांची शिफारसपत्रं लागतात. ती वेळेत मिळत नाहीत, सरांच्या घरी दोनदा जावं लागतं. जाताना काही तरी घेऊन जावं. आम्ही कोकम नेलं.

आणि एक निबंध लागतो, हाच विषय का म्हणून. शर्वरीने पहिला लिहिला तो मोठमोठ्या शब्दांचा. तिच्या सरांनी वाचला आणि म्हणाले, "ह्या सगळा पुस्तकातला झाला. ह्यात तू खंय आसस?" मग तिने आबांवर लिहिला. मला ते आवडलं नव्हतं.

बाकीच्या ठिकाणांहून एकेक करून नकार आले. उरली ती बेंगळूरची एक मुलाखत. हे आंबा काढणीत अडकलेले, पेट्या भरायला माणूस नाही, म्हणून सोबतीला मी.

मालवणहून कोल्हापूरची एसटी फोंडाघाटावरून जाते. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे स्वस्त पडतं. उजव्या बाजूला बसू नका, सकाळभर ऊन तोंडावर येतं. फोंडाघाटच्या बाजारात गाडी चहाला थांबली तेव्हा तिथे लेकीकडे राहायला गेलेली आमच्या शेजारच्या वाडीतली शेवंताकाकी चढली. ती डोळे दाखवायला कोल्हापूरला चालली होती. बसल्या बसल्या चौकशी सुरू.

"खंय गो चललात मायलेकी?"

"बेंगलोराक. शर्वरीची मुलाखत आसा."

"नोकरीची?"

"नाय गो काकी, शिक्षणाची."

"अजून शिक्षण? आणि काय शिकतलंस गो बाय?"

शर्वरी म्हणाली, "माणसाचो मेंदू कसो चलता, ता."

"मगे आधी माज्या झिलाचो बघ. चलताच नाय."

अख्खी गाडी हसली. काकीच्या झिलाला, म्हणजे मुलाला, सगळे ओळखतात. नंतर घाट लागला तशी काकी माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "चेडू हुशार आसा. पण लांब गेलेली चेडवा पावण्यासारखी येतत हां. लक्षात ठेव." मी खिडकीबाहेर बघत राहिले. वळणावळणाने आमचा मुलूख खाली खाली जात होता.

कोल्हापुरात अंबाबाईचं दर्शन घेतलं. रांग मोठी होती, पण पुढे सरकत होती. ओटीचं सामान घरूनच नेलं होतं, देवळाबाहेर सगळं महाग. आईसमोर उभी राहिले आणि काय मागावं ते सुचेना. शर्वरीला पास कर म्हणू, की नको म्हणू? शेवटी नुसतं डोकं टेकलं आणि बाजूला झाले. इतकी वर्षं देव देव करते, पण हात जोडून गप्प राहायची वेळ पहिल्यांदा आली.

तिथून एसटीने मिरज, आणि मिरजेहून दुपारची गाडी धरली, ती सकाळी बेंगळूरला पोहोचवते. साध्या स्लीपरचं तिकीट आधी काढलं तर मिळतं. भाकऱ्या, लसणीची चटणी, कैरीचं लोणचं घरचं. गाडीतलं खाणं मी घेत नाही, पोटाला आणि पिशवीला दोन्हीला बरं. बेळगाव गेल्यावर बाहेरचं वाचता येईना. पाट्या सगळ्या कानडी. चाळिशी पार केलेल्या बाईला एकाएकी निरक्षर झाल्यासारखं वाटतं, याची तयारी ठेवा.

शर्वरी उद्याच्या मुलाखतीची कागदपत्रं लावत होती. म्हणाली, "आई, तो निबंध वाचून दाखवू? इंग्रजीत आसा, मी मराठीत सांगतंय."

मी भाकऱ्यांचं फडकं सोडायला घेतलं. तिने सुरू केलं. आजोबांना तहान लागली तर पाणी मागता येत नाही, पण देवाकडे आमच्या सगळ्यांसाठी मागता येतं. शब्द गेले असतील तर हे शब्द कुठून येतात? लहानपणापासून म्हणत आलेलं मेंदूत वेगळ्या जागी राहतं का? त्या जागेवरून "पाणी" या शब्दापर्यंत जायला वाट काढता येईल का? ते शिकायला मला यायचं आहे.

ऐकून झाल्यावर मी म्हटलं, "घरातला दुखणा जगाक कित्याक सांगूचा?"

"दुखणा नाय सांगूक. आबांकडे जा उरला हा, ता सांगलंय."

"आणि उद्या तू शिकून येऊन सांगतलंस, ही सगळी मेंदवातली शीर आसा, देव-बिव काय नाय. मगे आमी कोणाकडे बघून व्हय म्हाराजा म्हणूचा?"

तिने कागद पिशवीत ठेवले. माझ्यातली अर्धी भाकरी मागून घेतली.

बेंगळूरला एका मठाच्या धर्मशाळेत उतरलो. खोली स्वच्छ, दोन वेळचा प्रसाद, वर ज्याने त्याने दक्षिणा ठेवायची. आधी फोन करून जावं. शहराच्या बसची एक गंमत सांगते. तिथे बायकांना बस फुकट आहे असं ऐकून मी निर्धास्त बसले होते. कंडक्टरने माझं आधार कार्ड पाहिलं, मान हलवली आणि हिंदीत म्हणाला, "अम्मा, ये महाराष्ट्र का है. टिकट लो." शर्वरी खिडकीकडे तोंड करून हसत होती. तिकीट घेतलं. ते फुकट त्यांच्या राज्याच्या बायकांना आहे, आपल्याला नाही.

संस्थेचं आवार झाडांनी भरलेलं, थंड. मुलं आत, आईबाप बाहेर कट्ट्यावर. शर्वरीच्या कपाळाला मी घरचा अंगारा लावला होता. वाटलं, आत जाताना पुसेल. पुसला नाही.

कट्ट्यावर बेळगावचे एक गृहस्थ होते. मराठी ऐकून सरकून जवळ आले. त्यांचा मुलगा इंजिनियर, चांगली नोकरी सोडून मेंदू शिकायला निघालेला.

"आम्हीच त्याचं इतकी वर्षं डोकं खाल्लं हो," ते म्हणाले, "म्हणून आता तो दुसऱ्यांची डोकी तपासणार."

मी विचारलं, "तुम्हाला चालतंय?"

"चालत नाही. पण बॅग मीच उचलून आणली." मग म्हणाले, "तुमचं?"

मी म्हटलं, "माझंही तसंच."

शर्वरी बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पाहून काही कळलं नाही. आम्ही आवाराबाहेरच्या टपरीवर कॉफी घेतली. तिथली कॉफी छोट्या पेल्यात देतात, पण दाट असते. ती हळूहळू सांगायला लागली.

"पयला गणित विचारल्यानी. त्यात एक चुकलंय. मगे आबांचा विचारल्यानी. खूप वेळ आबांचाच. म्हणाले, आजोबा मधे थांबतात तेव्हा पुढचं कोण बोलतं? मी म्हटलं, बाबा. तर म्हणाले, आणि बाबा नसले तर?"

"काय सांगलंस?"

"सांगलंय, म्हायत नाय. तसा कधी झालाच नाय."

मग पेला खाली ठेवून म्हणाली, "एका मॅडमनी विचारलं, घरचे म्हणतात हे देव बोलवतो. शिकून झाल्यावर तू त्यांना काय सांगशील?"

मी तिच्याकडे बघितलं. गाडीतला माझा प्रश्न तिला आत जाऊन पुन्हा भेटला होता.

"मी म्हटलं, आबा कसे बोलतत ता माका शिकूचा आसा. कोणाकडे बोलतत, ता माजी आई जाणता. तिका मी काय सांगूचा?"

रस्त्यावर गाड्यांचा गोंगाट चालला होता. मी टपरीवाल्याला बोट दाखवून तिच्यासाठी आणखी एक कॉफी मागितली. एरवी मी अशी मागत नाही.

परतीचा प्रवास आला तसाच. घरी आलो तेव्हा आबा ओट्यावर बसले होते. शर्वरीला पाहून त्यांनी चांगला हात हलवला आणि म्हणाले, "उद्या."

निकाल आला तेव्हा आम्ही लावणीत होतो. शर्वरी चिखलात, तिचा फोन बांधावर. ह्यांनी तो उचलून वाचला, पुन्हा वाचला आणि तिला हाक मारली. निवड झाली होती. राहणं-खाणं भागेल इतकी शिष्यवृत्तीही होती. ती बांधावर आली, चिखलाच्या हातांनीच मला मिठी मारली. माझ्या लुगड्यावर तिच्या बोटांचे डाग पडले. मी ते तसेच वाळू दिले.

या प्रवासाचा खर्च तुम्ही विचाराल, तर काटकसरीने गेलात तर दोघींचा एका चांगल्या साडीइतका होतो. अंबाबाई, ती कॉफी, फोंड्याचा घाट, सगळं बघण्यासारखं आहे. पण माझ्याकडे काय राहिलं ते त्या फेरीनंतर दीड-दोन महिन्यांनी कळलं, शर्वरी कायमची निघाली त्या सकाळी.

बॅगा ओट्यावर. देवापुढे दिवा. मी आबांच्या हातात नारळ दिला. बारा गावच्या, बारा येशीच्या म्हाराजाला त्यांनी हाक मारली, आम्ही साथ दिली आणि नेहमीच्या जागी ते थांबले. आता ह्यांनी बोलायचं. ह्यांनी तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. घसा खाकरला, पुन्हा प्रयत्न केला आणि मान खाली घातली. सकाळपासून हा माणूस बॅगांच्या दोऱ्या बांधत होता, तेव्हाच मला समजायला हवं होतं.

आबा नारळ धरून उभे. ते ह्यांच्याकडे बघत होते, मग शर्वरीकडे, मग माझ्याकडे. आमच्यात बायका गाऱ्हाणं घालत नाहीत. माझ्या सासूने कधी घातलं नाही, आईनेही नाही. पण ती जागा तशीच मोकळी ठेवली तर आबा पुढे जाऊ शकणार नव्हते.

मी म्हटलं, "म्हाराजा, माजा चेडू शर्वरी बेंगलोराक शिकूक जाता. तिची राखण कर. आणि ती जा शोधूक जाता हा, ता तिका गावंदे."

बोलून झालं तेव्हा कळलं, अंबाबाईपुढे जे सुचलं नव्हतं ते हेच, ती जे शोधते ते तिला मिळू दे.

आधी शर्वरीचा आवाज आला, "व्हय म्हाराजा." पाठोपाठ ह्यांचा, बसलेला.

आणि आबांनी पुढचं उचललं, न अडखळता. "वाटेर काय आडमेळा आसात तो दूर कर, आणि जशी गेली तशी सुखरूप घराक हाड रे म्हाराजा!"

जशी गेली तशी ती येणार नाही. शिकायला गेलेलं माणूस तसंच परत येत नसतं, हे मला ठाऊक होतं. तरी या वेळी सगळ्यांत मोठ्याने मीच म्हटलं, "व्हय म्हाराजा!"