जायफळाचा वास

नातसून तान्ह्यासाठी सहाणेवर जायफळ उगाळायला बसली, की त्या वासासरशी मला पाचूबंदरचं आमचं जुनं घर आठवतं. दारूबंदी नुकतीच आली होती, तेव्हाची गोष्ट. माझा पहिला मुलगा अंगावर पीत होता, तरी उजाडताच मासळीची पाटी डोक्यावर घेऊन मी बाजार गाठायचे. बाळ सासूपाशी. परत येऊन बघावं तर ते गाढ निजलेलं. "जायफल चाटवलंय गो," सासू म्हणायची. मला धन्य वाटायचं. तिच्यासाठी पाटीतलं एक पापलेट मी राखूनच आणायचे. एकदा वारा सुटला, होड्या किनाऱ्यालाच राहिल्या, म्हणून मीही घरी राहिले. दुपारपासून बाळ थरथरायला लागलं, किंचाळायला लागलं. पाजायला घेतलं तर तोंड फिरवी. सासू आली, बोटाला काळसर काहीतरी लावून तिने त्याच्या तोंडात घातलं. माझ्या दुधाला न थांबलेलं पोर ते बोट चोखत शांत झालं. बोटावर उरलेलं मी चाटून पाहिलं. कडू जहर! "अफू?" मी ओरडले. "इतकुशी गो. तुज्या दादल्याला पन अशीच दिली, मेला काय तो?" मी नवऱ्याकडे पाहिलं. तो ओट्यावर जाळं सांधत होता. त्याने मान वर केली नाही, तेव्हा कळलं, त्यालाही पहिल्यापासून ठाऊक होतं. बाळ पुढे सुटलं त्यातून, पण फार रडून. आता नातसून उगाळलेलं जायफळ घेऊन आली, की मी आधी माझ्या जिभेला लावते. "आजी, माझ्यावर विश्वास नाही?" ती हसत विचारते. "आहे गो," मी म्हणते, आणि पुन्हा एकदा चाटून बघते.