समोरची छोटी जागा

नदीकाठच्या आमच्या उत्खननात आज दगडी हत्यारं घडवताना उडालेल्या कपच्यांचा थर उघडा पडला. सगळीकडे कपच्या, मधे मात्र मांडी घालून बसण्याएवढी जागा मोकळी. घडवणारा हजारो वर्षांपूर्वी तिथून उठून गेला, त्याचं बसणं तेवढं राहिलं. समोर तशीच एक छोटी जागा. तिच्याभोवती चुकलेल्या घावांच्या वेड्यावाकड्या कपच्या.

"इथं कोण बसायचं, बाबा?" सुट्टीवर आलेल्या लेकीनं विचारलं.

"शिकणारं मूल असावं."

"म्हणजे त्याला हात लावू द्यायचे तर!"

ती हसली. मला हसता येईना. लहानपणी ती, मी सापडलेल्या वस्तू तपासत असताना, माझ्या टेबलाशी आली, की मी ओरडायचो. काम नाजूक आहे म्हणायचो. खरं तर मला जवळ कुणी नकोच असायचं. हे कधी कुणाला बोललो नव्हतो. आत्ता तिला सांगितलं.

वारा पडला होता. खड्ड्यात कुणीच नव्हतं, तरी खालून दगडावर दगडाचा आवाज आला. टक्, टक्. मग घाव चुकल्यासारखा खर्रकन घसरला आणि थांबला.

"बाबा," ती कुजबुजली, "आता घडवणारा त्याच्यावर ओरडेल?"

आम्ही श्वास रोखून ऐकत राहिलो. कुणी ओरडलं नाही. बऱ्याच वेळानं पुन्हा, जरा भीतभीतच, आवाज आला. टक्.